नागपुरात ब्रंचची जागा कशी शोधावी: आधी घड्याळ, मग नकाशा

नागपुरात रविवारी साडेदहाच्या सुमारास चार माणसांनी निवांत बसून खायचं ठरवलं, तर जागा भरपूर आहेत. अडतं ते वेळेपाशी. इथला नाश्ता पहाटेच सुरू होतो. पोह्यांच्या गाड्या सहा-साडेसहाला लागतात आणि चांगल्या गाडीवरचं पातेलं दहा-साडेदहापर्यंत रिकामं व्हायला आलेलं असतं. झणझणीत सावजी जेवणाची भोजनालयं आणि थाळीची हॉटेलं दुपारच्या जेवणासाठी उघडतात, म्हणजे साडेअकरा-बाराला. मधला जो तास-दीड तास उरतो, ब्रंच नेमकं त्यातच येतं. त्या वेळी कुणाच्या चुलीवर काय ताजं आहे, हे कळलं की निम्मं काम झालं. नावाजलेल्या जागांच्या याद्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यात दुकानाचं नाव असतं, पण ते दुकान कोणत्या तासाला सगळ्यात चांगलं असतं हे नसतं.

म्हणून इथे यादी देत नाही, शोधायची रीत सांगतो. ती जमली की तुम्ही धरमपेठेत राहा किंवा मानेवाड्यात, आपल्या भागातली जागा तुमची तुम्हाला सापडेल.

कोण येणार, किती वाजता

ठिकाण सुचण्याआधी माणसं डोळ्यांसमोर आणा. कॉलेजचे मित्र असतील तर गाडीपाशी उभं राहून, हातात प्लेट घेऊन खाण्यातच गंमत आहे. आजी सोबत असतील तर पाठ टेकायला खुर्ची, कमी पायऱ्या आणि स्वच्छ बाथरूम या गोष्टी चवीच्या आधी येतात. लहान मुलांसाठी तिखट नसलेला एक तरी पदार्थ हवा, म्हणजे इडली, साधा डोसा किंवा तर्री, म्हणजे वरचा तिखट लाल रस्सा, न घातलेले नुसते पोहे. कुणाची एकादशी असते, कुणाची चतुर्थी. त्यांच्यासाठी साबुदाण्याची उसळ कुठे मिळेल हे आदल्या दिवशीच बघून ठेवा, नाहीतर ते माणूस सगळ्यांसोबत बसूनही नुसता चहा पितं.

मग वेळ. दहाला भेटायचं ठरलं की सगळे जमेपर्यंत साडेदहा होतात, हे धरूनच चाला. मनाशी वेळेचे तीन टप्पे ठरवून ठेवा: नऊ ते दहा, दहा ते साडेअकरा आणि साडेअकराच्या पुढे. तुमचा गट यातल्या कोणत्या वेळेत खरंच पोहोचेल ते प्रामाणिकपणे ठरवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तिन्ही वेळांच्या चुली वेगळ्या

नऊ ते दहा ही उशिराच्या नाश्त्याची वेळ. तर्री पोहे, आलूबोंडा, समोसा, कचोरी, सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) हे सगळं या वेळेला अजून गरम असतं आणि कामावर निघालेल्यांची पहिली गर्दी ओसरलेली असते. माझ्या मते नागपुरी ब्रंच करायचं असेल तर हीच सगळ्यात चांगली वेळ. थोडं लवकर उठावं लागतं, पण त्याचं चीज होतं.

दहा ते साडेअकरा ही अवघड वेळ. नाश्त्याच्या गाड्यांवर आता उरलंसुरलं असतं आणि जेवणाची स्वयंपाकघरं अजून भाजी फोडणीला टाकत असतात. या वेळेत फक्त दिवसभर एकाच लयीत चालणाऱ्या जागांकडे वळा. दाक्षिणात्य हॉटेलं, हल्दीरामसारखी मोठी उपाहारगृहं आणि नव्या धाटणीचे कॅफे त्यात येतात. दाक्षिणात्य हॉटेलांचा भरवसा मला सगळ्यात जास्त वाटतो, कारण डोसा मागवल्यावरच तव्यावर पडतो. तो तासभर आधी करून ठेवता येत नाही. इडली मात्र विचारून घ्या. ताजा घाणा उतरायला पाच-दहा मिनिटं असतील तर खुशाल थांबा.

साडेअकराच्या पुढे ते लवकरचं जेवण. सकाळी नुसत्या चहावर निघायचं आणि बाराला सावजीत किंवा थाळीला पहिल्या पंक्तीत बसायचं. ज्यांना रविवारी उशिरा उठायचं आहे त्यांनी मधल्या वेळेशी झगडण्यापेक्षा हेच करावं.

शहर भागाभागाने पाहा

एका सकाळी अख्खं नागपूर पालथं घालायला जाऊ नका. एक भाग निवडा आणि त्याच्यातच फिरा.

सिव्हिल लाइन्स, सदर आणि कस्तुरचंद पार्कचा परिसर सकाळच्या नाश्त्यासाठी जुना आणि भरवशाचा आहे. कार्यालयं, कोर्ट, कॉलेजं यांच्यामुळे इथल्या गाड्यांना आठवडाभर गिऱ्हाईक असतं, आणि जिथे माल झपाट्याने खपतो तिथे तो ताजा असतो. रविवारी कार्यालयं बंद असल्याने गणित थोडं बदलतं. काही गाड्या लागत नाहीत, तर काही ठिकाणी फिरायला आलेल्यांचीच गर्दी असते. म्हणून सोमवारी आवडलेली गाडी रविवारी असेलच असं धरू नका.

धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर हा कॅफेंचा पट्टा. आधी फुटाळा किंवा अंबाझरी तलावाला एक फेरी, मग इकडे नाश्ता, असा बेत छान जमतो. रामदासपेठेत आणि वर्धा रोडवर मोठी हॉटेलं आहेत. बसून, पंख्याखाली किंवा एसीत खायचं असेल तर तिकडे जा. महाल आणि इतवारीत जुनी मिठाईची आणि फरसाणाची दुकानं, गल्लीतली कचोरी-समोशाची ठिकाणं आहेत. खरी चव इथे आहे, पण गाडी लावायला जागा नाही.

त्यावर उपाय मेट्रोचा. ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला भेटतात. कस्तुरचंद पार्क आणि झिरो माइल ही स्थानकं ऑरेंज मार्गिकेवर आहेत, शंकरनगर आणि एलएडी चौक ॲक्वावर. जुन्या शहरात जायचं तर ॲक्वा मार्गिकेवरच चितारओळीला उतरा. चारचाकी घरी ठेवून गेलात तर महालात एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पायी फिरता येतं, आणि त्या भागात खाण्याची तीच खरी पद्धत आहे.

मोबाइलवर शोधताना

नकाशाच्या ॲपमध्ये ‘ब्रंच’ असं टाकलं तर बहुतेक कॅफे आणि हॉटेलंच समोर येतील. तर्री पोह्यांचा गाडीवाला आपल्या खाण्याला ब्रंच म्हणत नाही. म्हणून ‘नाश्ता’, ‘पोहे’, ‘पोहा’, ‘तर्री’, ‘आलूबोंडा’, ‘डोसा’ असे शब्द टाकून पाहा, देवनागरीत आणि रोमन लिपीतही. नागपुरात बरेच लोक हिंदीतून अभिप्राय लिहितात, त्यामुळे ‘पोहा’ टाकल्यावर ‘पोहे’पेक्षा जास्त ठिकाणं सापडू शकतात.

तारे किती आहेत याकडे फार बघू नका. अभिप्राय नव्यातून जुन्याकडे लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा. आचारी बदलला की चव बदलते, आणि जुने हजार अभिप्राय त्याबद्दल काही सांगत नाहीत. अभिप्रायांमध्ये शब्द शोधायची सोय असते. तिथे ‘थंड’, ‘संपलं’, ‘उशीर’ हे शब्द हिंदी-इंग्रजीतूनही टाकून पाहा. लोकांनी टाकलेले फोटो मालकाने टाकलेल्या फोटोंपेक्षा जास्त खरे असतात, त्यातही मेन्यूकार्डचा फोटो सगळ्यात कामाचा. त्याची तारीख बघा, मग भावांचा अंदाज येतो. गर्दीचा तासावार आलेख दिलेला असतो, तोही पाहा. सकाळी आठला उंच आणि साडेदहाला पडलेला आलेख म्हणजे ती नऊच्या आतली जागा. साडेदहालाही उंच असेल तर तुमच्या मधल्या वेळेला ती चालून जाईल.

एवढं करून तीन नावं काढा, जास्त नको.

शनिवारी एक फोन

फोनवर ‘उद्या उघडं आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. भाऊ, सकाळी साडेदहाला कोणकोणते पदार्थ मिळतात? नाश्त्याचा मेन्यू किती वाजता बंद करता? आठ जणांना एकत्र बसता येईल का? रविवारी नेहमीचेच भाव असतात की वेगळा मेन्यू असतो? मोठ्या हॉटेलात आणखी विचारा की बुफे किती ते किती आहे, सांगितलेल्या भावात कर धरला आहे का, आणि लहान मुलांचे किती. बऱ्याच हॉटेलांत नाश्त्याचा बुफे साडेदहाच्या आसपास उचलला जातो आणि जेवणाचा साडेबाराला लागतो. रविवारचा खास ब्रंच आहे की नाही, हे फोनवर नीट कळलं नाही तर भरलेल्या पोटी पैसे देण्याऐवजी रिकाम्या हॉलमध्ये बसायची वेळ येते.

गाडीवाल्याला फोन करायचा नसतो. तिथे शेजारच्या पानठेल्यावर किंवा रिक्षा स्टँडवर विचारा. कोणती गाडी कधी लागते, कधी संपते, कोणाची तर्री आज चांगली आहे, हे त्यांना अचूक माहीत असतं.

तर्री पोहे कसे पारखावे

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण नागपूरची सकाळ याच प्लेटभोवती फिरते आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपण पहिल्यांदा हेच खाऊ घालतो.

प्लेटमध्ये दोन वेगळे पदार्थ एकत्र येतात. पोहे सौम्य असतात: हळद, कांदा, मिरची, कढीपत्ता. त्यावर पडते ती हरभऱ्याची झणझणीत रस्सेदार उसळ. तिच्यावर जो लाल तेलाचा थर तरंगतो, ती तर्री. वरून कच्चा कांदा, शेव किंवा चिवडा, लिंबू आणि सांबार. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला आधीच सांगून ठेवा.

आधी पोह्यांकडे बघा. चांगला गाडीवाला पोह्यांचं भांडं वाफेवर ठेवतो, मध्ये खळगा करून ढीग कडेला लावतो आणि वरून झाकतो. पोहे मोकळे आणि ओलसर हवेत. कडेला वाळून कडक झालेले दिसले किंवा दाबल्यावर गोळा होत असेल तर ते बराच वेळ पडून आहेत. मग हरभरा. एक दाणा बोटांनी दाबा. साल सुटून न येता आतून पिठूळ झाला पाहिजे. कच्चा हरभरा घाईच्या स्वयंपाकाची खूण आहे, आणि तो पोटालाही जड जातो. रस्सा सतत मंद आचेवर उकळत हवा. गार रस्सा वाढत असतील तर चव कितीही चांगली असो, तिथे खाऊ नका.

तर्रीचा रंग गडद लाल असावा. काळपट आणि कडवट असेल तर मसाला करपला आहे. घशाला नुसती आग लागते आणि मसाल्याचा वास येत नाही, तर मिरचीचा जोर वाढवून बाकीचं झाकलं आहे. खरी तर्री आधी लसूण, धणे, खडा मसाला जाणवून देते, तिखट मागाहून येतं. पहिल्यांदा जाताना ‘तर्री कमी’ सांगा. नंतर वाढवून मिळते, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसेही न घेता.

आलूबोंड्याचीही परीक्षा सोपी आहे. कढईतलं तेल बघा. काळं, घट्ट, फेसाळणारं तेल असेल तर पुढे चला. बोंडा तुमच्यासमोर कढईत पडला तरच घ्या. तो फोडून त्यावर तर्री ओततात, तेव्हा थंड बोंड्याला तर्री गरम करू शकत नाही, उलट तीच गार होते.

स्वच्छतेच्या बाबतीत तीन गोष्टींवर ठाम राहा. प्यायचं पाणी झाकलेलं आहे ना आणि ते काढायला वेगळं भांडं आहे ना. कांदा-सांबार सकाळपासून उघडा पडून नाही ना, विशेषतः पावसाळ्यात. आणि खाणं वर्तमानपत्रावर वाढत नाहीत ना. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली आहे. गाडीवाल्याला सरळ सांगा, दादा, पानाच्या द्रोणात द्या. बहुतेक जण देतात. बसून खायच्या ठिकाणी परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला असावा आणि तो बिलावरही छापलेला असतो. तो शोधायची सवय लावून घ्या.

सावजीला पहिल्या पंक्तीत

सावजी ही हलबा कोष्टी समाजाची, विणकरांच्या घरातली स्वयंपाकाची रीत. काळा मसाला, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, आणि तिखट असं की कान गरम होतात. महाल, गोळीबार चौक, इतवारीच्या आसपास जुनी भोजनालयं आहेत आणि आता शहरभर पाट्या दिसतात. पाटीवर सावजी लिहिलं म्हणजे आत सावजी असेलच असं नाही. ओळखायचं कसं? मेन्यू छोटा असतो. मटण, चिकन, खूर, अंडाकरी, आणि शाकाहारात पाटोडी रस्सा, डाळकांदा, शेवभाजी. त्याच कार्डावर पनीर टिक्का आणि नूडल्सही भरपूर असतील तर तिथला मसाला सगळ्या भाज्यांना एकच असायची शक्यता जास्त.

ब्रंच म्हणून जायचं तर दार उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बसा. मटणाचं भांडं तेव्हाच उतरलेलं असतं आणि बसायला जागा मिळते. रविवारी साडेबारानंतर रांग लागते. रिकाम्या पोटी थेट सावजी मात्र नको. घरून निघताना दूध-पोळी किंवा केळं खाऊन निघा. सोबत ज्वारीची भाकरी मागा, ती तिखट चांगलं पेलते. रस्सा आधी वाटीत थोडा घ्या आणि ताक किंवा दही मागवून ठेवा. शाकाहारी मंडळींनी पाटोडी रस्सा चुकवू नये. बेसनाच्या वड्या रस्सा पिऊनही फुटत नाहीत, तेव्हा समजायचं की हात चांगला आहे.

कॅफे, बुफे आणि बिल

कॅफेबद्दल थोडक्यात. दिवसभर नाश्ता मिळतो का ते बघा, अंड्याचा एक साधा पदार्थ आणि एक कॉफी मागवा. ऑम्लेट कोरडं आणि कॉफी कोमट आली तर पुढचं काही मागवू नका, बिल द्या आणि उठा. बुफेला सुरुवातीच्या अर्ध्या तासात पोहोचा. एकदा रिकाम्या हाताने सगळ्या टेबलांवरून फिरून या आणि मगच प्लेट घ्या. जिथे डोसा, अंडी, चाट समोर करून देतात तिथून सुरुवात करा. झाकणाखाली बराच वेळ राहिलेली पुरी-भाजी घरीही मिळते.

बिल नीट वाचा. साध्या रेस्तराँत जीएसटी ५ टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्तराँत तो १८ टक्के लागतो. आठ जणांच्या बिलात हा फरक मोठा होतो. सेवाशुल्क वेगळं. ते आपोआप बिलात जोडता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. सेवा आवडली तर आनंदाने द्या, नको असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ऋतू आणि तारखा

मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अकरा वाजता दुचाकीवरून वर्धा रोड गाठायचा बेत तेव्हा करू नका. साडेआठला खाऊन दहाच्या आत घरी, हेच उन्हाळ्याचं ब्रंच. डिसेंबर-जानेवारीत उलट. तेव्हा कोवळ्या उन्हात बसायला अंगण किंवा गच्ची असलेली जागा शोधा. याच दिवसांत शहराबाहेरच्या शेतांवर हुरडा असतो, आणि सांगून ठेवलं तर गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे (कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजीही. वीस-पंचवीस जणांच्या कुटुंबासाठी कोणत्याही बुफेपेक्षा मला हेच जास्त आवडतं.

संत्र्याचे दोन बहार. आंबिया बहाराची फळं पावसाळा संपता संपता येऊ लागतात, मृगाची हिवाळ्याच्या शेवटी. त्या दिवसांत ब्रंचनंतर रस प्या, पण समोर काढलेला, आणि लगेच. काढून ठेवलेला संत्र्याचा रस कडवट होत जातो, बिया चिरडल्या गेल्या तर आणखीच. एरवी गोड शेवट करायला संत्रा बर्फी आहेच.

काही तारखा टाळा. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा मोठी हॉटेलं भरलेली असतात आणि सिव्हिल लाइन्समधले रस्ते बंद-चालू होत राहतात. दसऱ्याला आणि त्याच्या आसपास दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, तेव्हा लक्ष्मीनगर-बजाजनगरकडची वाहतूक वळवलेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. मिरवणूक पाहायची असेल तर सकाळी लवकर पायी जा आणि तिथेच कचोरी-समोसा खा. नुसतं खायला जायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

घरच्यांसाठी पार्सल

कुणी ना कुणी घरी राहतंच. पोहे आणि तर्री एकत्र बांधून घेऊ नका, घरी येईपर्यंत सगळा लगदा होतो. घरून दोन स्टीलचे डबे न्या, एकात पोहे, दुसऱ्यात तर्री. गरम तर्री प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच घेऊ नका. शेव वेगळ्या पुडीत मागा. घरी आल्यावर पोह्यांवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि दोन मिनिटं वाफ द्या. तर्रीला एक दणदणीत उकळी येऊ द्या. कांदा-सांबार घरीच ताजं चिरा, लिंबू अगदी वाढताना पिळा.